बाळंतिणीच्या डोकेदुखीची विचारपूस तायी कार्डावर (आईच्या तपासण्यांच्या सरकारी नोंदकार्डावर) आणा

मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूरु

महोदय,

बाळंतपणानंतर सहा आठवडे, त्यातही पहिले दोन-तीन, बाईचं रक्त लवकर गोठतं. प्रसूतीत रक्तस्राव आवरावा म्हणून शरीरानेच केलेली ती सोय. त्यात रक्तक्षय, जंतुसंसर्ग किंवा अंगातलं पाणी कमी झालं, की मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरांत गाठ होऊ शकते. खानापूर-निपाणीकडे ‘पोट सुटेल’ म्हणून बाळंतिणीला पाणी मोजून देणारी घरं अजून आहेत. वर शेगडीचा शेक, तोही एप्रिल-मेमध्ये!

अशी गाठ झाली की डोकं दिवसेंदिवस जास्त दुखतं, आडवं झालं किंवा खोकलं की आणखी. उलट्या, अंधुक दिसणं, मग झटके किंवा एक हात-पाय लुळा. कमरेत भूल दिल्यानंतरची डोकेदुखी उलट असते, आडवं झाल्यावर उतरते. घरचे ‘वारं लागलं’ म्हणतात. दवाखान्यात झटका आला की एक्लॅम्प्सिया (बाळंतपणाच्या काळात बीपी वाढून येणारे झटके) धरून मॅग्नेशियम देतात, ते योग्यच. पण बीपी आणि लघवीतलं प्रोटीन ठीक असेल तर गाठीचा संशय घ्यायलाच हवा. खरा घोळ पुढे होतो. साध्या सीटीत ही गाठ पुष्कळदा दिसत नाही, रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि बाई घरी जाते. म्हणून तालुका रुग्णालयाच्या चिठ्ठीवर ‘एमआर किंवा सीटी व्हेनोग्राफी’ (मेंदूतल्या शिरा दाखवणारी तपासणी) असं स्पष्ट लिहिणं सक्तीचं करा.

निदान झालं की गाठ वाढू न देणारं एनोक्सापॅरिन, वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी कातडीखाली. ६० किलोच्या बाईला ६० मिलिग्रॅम. गाठीमुळे मेंदूत रक्त उतरलेलं दिसलं तरी हे इंजेक्शन सहसा थांबवायचं नसतं. भीतीपोटी नेमकं तेच थांबतं. पुढे ३ ते १२ महिने त्याच कामाच्या वॉरफरिनच्या गोळ्या, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) २ ते ३. दोन्ही औषधांवर बाळाला अंगावर पाजता येतं, हे सासूलाही सांगावं लागतं. आयएनआरची तपासणी तालुक्यालाच हवी. कणकुंबीहून त्यासाठी दर खेपेला बेळगाव गाठणं कुणाला परवडेल?

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जातेच. बाळाच्या वजनासोबत ‘डोकं दुखतं का, किती दिवस, पाणी किती पिता’ एवढं विचारून तायी कार्डावर लिहू द्या, आणि सीमाभागात हे प्रश्न मराठीतही छापा. बाळंतीण माहेरी चंदगड-गडहिंग्लजला गेली की ती पलीकडच्या राज्यात जाते. तिथल्या आशाला निरोप द्यायची सोय महाराष्ट्राशी बोलून करा.

आणि एक. ही गाठ होऊन गेलेल्या बाईला माला-एन ही गर्भनिरोधक गोळी देऊ नये, त्यात रक्त गोठायला हातभार लावणारं इस्ट्रोजेन असतं. तांबी चालते. कार्डावर तसा लाल शिक्का हवा.

आपले,
बेळगाव सीमाभागातील प्रसूती व मेंदूविकार उपचारांत काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका