जोडी फ्लॅट चालतात, मग जोडचिठ्ठी का चालत नाही?

महोदय,

गेल्या रविवारी आपल्या अंकाच्या शेवटच्या पानावर आमच्याच गल्लीतल्या टॉवरची पानभर जाहिरात होती. शेजारशेजारचे दोन फ्लॅट जोडून सहा बेडरूमचं सलग घर, अशा जोड्या मोजक्याच शिल्लक, वगैरे. किमतीच्या जागी फोन नंबर. त्या टॉवरच्या पुढ्यात, एकाच प्लॉटवर, आमची बावीस मजली रिहॅब इमारत, म्हणजे पाडलेल्या चाळीतल्या भाडेकरूंसाठी बांधलेली, उभी आहे. फोटोत ती नाही, तिच्या जागी झाडं आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला लिहायचंय ते 'जोडी' या शब्दाबद्दल, आणि पुनर्विकासातल्या घरांच्या सोडतीत शेजारची दोन घरं मिळावीत म्हणून दोन नावांची एकच चिठ्ठी टाकू देत नाहीत, त्याबद्दल.

मी बेस्टच्या वीजपुरवठा विभागात 31 वर्षं मीटर रीडर होतो. त्यातली बरीच वर्षं वाळकेश्वर, नेपियन सी रोड, पेडर रोड या भागात गेली. जोडी फ्लॅट मी घरात पाऊल न टाकता ओळखायचो. तळमजल्याच्या मीटर केबिनमध्ये 501 आणि 502 वर एकच आडनाव. एकाचं रीडिंग तीन-चार एसीचं, दुसऱ्याचं महिन्याला जेमतेम चाळीस युनिट. म्हणजे दुसऱ्या स्वयंपाकघराची स्टोअररूम झालेली. दोन मीटर तसेच ठेवण्यातही हिशेब असायचा. घरगुती दर 100, 300, 500 युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो, त्यामुळे खप दोन मीटरांवर वाटला की स्वस्त टप्पे दोनदा मिळतात. श्रीमंतांना बिलाची फिकीर नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी तिथे बिलाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाशी बोलून पाहावं.

या जोड्यांचं मूळही कागदात आहे. 1976 चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा लागू होता तेव्हा सवलतीच्या योजनांत फ्लॅटच्या आकारावर मर्यादा असायची. मग नकाशात दोन लहान फ्लॅट, करारनामे दोन, शेअर सर्टिफिकेटं दोन, आणि आतली भिंत गायब. महाराष्ट्रात तो कायदा 2007 साली रद्द झाला. जोडी फ्लॅट मात्र राहिले, आणि आता तर त्यांची जाहिरात होते.

आमच्या चाळीतही जोडी होती. 22 नंबरची खोली वडिलांची, 23 नंबरची काकांची. दहा बाय बाराच्या दोन खोल्या, दोन भाडेपावत्या. 1974 साली भाडं गोळा करायला येणाऱ्या मेहताजींच्या हातावर पन्नास रुपये ठेवून वडिलांनी मधल्या विटांच्या भिंतीत दार पाडलं. चौकट जुन्या बाजारातून आणलेली, सागवानी, एका बाजूला वाळवीनं खाल्लेली. फळी कधीच बसवली नाही, पडदा होता. त्या दिवसापासून चूल एक झाली. आई आणि काकू, दोघी जावा, एका ओट्यावर. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर होते. त्यांचा पगार थांबला तो थांबलाच. काका गोदीत होते, त्यांच्या पगारावर नऊ माणसं जेवली. भिंत बंद असती तर काकांनी आम्हाला उपाशी ठेवलं असतं असं नाही, पण ताट घेऊन शेजारी जावं लागलं असतं. तसं कधी जावं लागलं नाही.

2015 साली आम्ही चाळ रिकामी केली. उपकरप्राप्त इमारत, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी जुनी भाड्याची इमारत; विकास नियमावलीच्या 33(7) कलमाखाली पुनर्विकास. 13 जून 1996 या पात्रतेच्या तारखेआधीच्या भाडेपावत्या दोन, म्हणून फ्लॅटही दोन. 300 चौरस फूट आणि वर 35 टक्के फंजिबल, म्हणजे नियमानं मिळणारं जादा क्षेत्र, मिळून प्रत्येकी 405. या बाबतीत आमच्यावर अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. 120 फुटांतून 405 फुटांत येणं, घरात स्वतःचा संडास असणं, याची किंमत चाळीत सकाळी सहाला डबा घेऊन रांगेत उभं राहिलेल्यालाच कळते.

बांधकाम चालू होतं त्या सात वर्षांत बिल्डर दोन पावत्यांचं दोन भाडं देत होता. चुलतभाऊ आणि मी दोन्ही भाडी एकत्र करून डोंबिवलीत एकच मोठं घर भाड्यानं घेतलं. आई, काकू, ओटा, सगळं एकत्र. घरापासून लांब असताना आमची जोडी टिकली आणि लालबागला परत आल्यावर मोडली.

सोडत 2022 साली शाळेच्या हॉलमध्ये झाली. निळी प्लास्टिकची बादली, त्यात घड्या केलेल्या चिठ्ठ्या, आणि चिठ्ठी काढायला कमिटीतल्या एकाचा सहावीतला मुलगा. सोडतीच्या पंधरा दिवस आधी मी आणि चुलतभावानं अर्ज दिला होता: आमच्या दोन नावांची एकच चिठ्ठी टाका, मजला कुठलाही द्या, रस्त्याच्या बाजूचा नको, नजारा नको, फक्त दार दाराला लागून द्या. उत्तर तोंडी आलं. ''एकाला दिलं की सगळे मागतील. आणि वरून नियम आहे.'' नियम कोणता ते लेखी मागितलं. अजून मिळालेलं नाही. त्या मुलानं आमची चिठ्ठी काढली, 1703. चुलतभावाची, 604.

आई आज 86 वर्षांची आहे, काकू 81. सुरुवातीला काकू रोज सकाळी पालेभाजीची जुडी घेऊन लिफ्टनं वर यायची, दोघी बसून निवडायच्या. मग एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, काकू पाऊण तास आत होती, त्यानंतर ती लिफ्टमध्ये एकटी बसत नाही. आता इंटरकॉमवर बोलतात. आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे सहाव्या मजल्यावर काय भाजी आहे ते आमच्या पूर्ण मजल्याला कळतं.

अदलाबदलही करून पाहिली. आमच्या मजल्यावरच्या 1704 वाल्यांना खालचा मजला हवाच होता, त्यांचे गुडघे गेलेत. सगळे तयार. वकिलाकडे गेलो तेव्हा कळलं की करारनामे नोंदवून झाल्यावर अदलाबदलीलाही खरेदीसारखंच मुद्रांक शुल्क लागतं. मुंबईत 6 टक्के, तेही बाजारभावावर. आकडा ऐकून आम्ही तिघांनी चहा पिऊन निरोप घेतला.

आता जाहिरातीतल्या जोडीकडे येतो. माझ्या जुन्या साहेबांच्या मुलाला तो टॉवर बघायचा होता. ''काका, तुम्ही तिथलेच, चला बरोबर,'' म्हणाला, म्हणून गेलो. त्या टॉवरचं गेट मागच्या रस्त्याला आहे, आमच्या गेटमधून तिकडे जाता येत नाही. सॅम्पल फ्लॅट दाखवणारा मुलगा मोठा नम्र. दिवाणखान्यात एका भिंतीपाशी थांबून म्हणाला, ''इथे ठोकून बघा.'' मी बोटाच्या पेरानं ठोकलं. पोकळ, डबडब. मग त्यानं दीड हात बाजूला ठोकायला सांगितलं. तिथे घट्ट. म्हणाला, बाकी सगळी शिअर वॉल, म्हणजे इमारतीचा भार पेलणारी काँक्रीटची भिंत आहे, हात लावता येत नाही, पण जोडी घेणाऱ्यासाठी दाराएवढी जागा आधीच सोडून हलक्या ब्लॉकनं भरलीय. वर लिंटेलही, म्हणजे दारावरची आडवी तुळई, टाकून ठेवलाय. दोन दिवसांत उघडून मिळेल. पुढे आवाज जरा बारीक करून म्हणाला, दोन्ही दारांपुढचा पॅसेज मग तुमचाच. (लॉबी सामाईक असते, सोसायटीची असते, ती कुणाच्या जोडीची होऊ शकत नाही. घेणाऱ्यांनी एवढं तरी वाचून घ्यावं.)

घरी आल्यावर मी आमच्या भिंतींवर ठोकत फिरलो. बायकोला वाटलं डोकं फिरलं. मायवान पद्धतीचं बांधकाम, चारी बाजूंना काँक्रीट, सगळीकडे एकच घट्ट आवाज.

म्हणजे दोन कुटुंबांना किंवा एकाच मोठ्या कुटुंबाला शेजारशेजारची घरं लागतात, हे नकाशा काढणाऱ्याला पूर्ण माहीत आहे. ज्याची ऐपत आहे त्याच्यासाठी त्यानं काँक्रीट ओतण्याआधीच दाराची जागा सोडली. आम्हाला ते दारही नको होतं. दार पाडून दोनचे एक केले की मालमत्ता कराची भानगड आहेच: 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना महापालिकेनं कर माफ केलाय, आमची 405 ची घरं त्यात बसतात, 810 चं बसणार नाही. आमची घरं कागदावर आणि प्रत्यक्षातही दोनच राहू द्यात. शेजारी असली की झालं. दोन्ही दारं उघडी ठेवून काम भागवायला आम्हाला येतं.

त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, पैसा लागत नाही. सोडतीच्या महिनाभर आधी कमिटीनं नोटीस लावावी: ज्या दोन पावतीधारकांना शेजार हवाय त्यांनी मिळून अर्ज करावा. तेवढ्या जोड-फ्लॅटांची बादली वेगळी, आणि चिठ्ठीवर नावं दोन. एकाच आकाराचे फ्लॅट असतील तर बाकीच्यांचं यात नुकसान कोणतं? सगळे मागतील, हे उत्तर मला अजून कळलेलं नाही. मागू द्यात की. आणि हे करायचं ते सोडतीआधी. एकदा करारनामा नोंदवला की 6 टक्के आडवे येतात, ते वर लिहिलंच आहे. ज्यांच्या परवानगीनं हे प्रकल्प होतात त्यांनी एवढी एक ओळ अटींमध्ये घातली तर कमिट्यांनाही 'वरून नियम आहे' म्हणायची पंचाईत राहणार नाही.

आमच्या मागच्या चाळीची सोडत दिवाळीनंतर आहे. तिथल्या कमिटीला मी गेल्या आठवड्यात हे सगळं लिहून दिलं आणि पोच घेतली. तिथे आतून दार पाडलेल्या अकरा जोड्या मी गॅलरीतून एक चक्कर मारून मोजल्या. मीटर बघावे लागले नाहीत. एका दारापुढे चपलांचा ढीग आणि शेजारच्या दारापुढे एकही नाही, की ती जोडी.

लालबागचा एक निवृत्त मीटर रीडर,
मुंबई 12