महसुली अपिले मंत्र्यांच्या दालनात नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांचे मुंबईचे हेलपाटे वाचले. त्याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र न्याय लोकांच्या दाराशी नेण्याची चर्चा निघते तेव्हा ती उच्च न्यायालय, जिल्हा न्यायालय आणि न्यायाधीशांची रिक्त पदे यांच्यापुढे सहसा सरकत नाही. शेतकऱ्याला पहिला निवाडा करणारा माणूस यांपैकी कोणत्याच इमारतीत भेटत नाही, तो तहसील कचेरीत बसतो.

वारसाच्या नोंदीवर हरकत आली तर मंडळ अधिकारी निर्णय देतो. त्यावरचे अपील प्रांताधिकाऱ्यांकडे, पुढे अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग अपर आयुक्तांकडे, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५७ खालील पुनरीक्षणाच्या, म्हणजे खालच्या आदेशाची फेरतपासणी करण्याच्या, अधिकारामुळे प्रकरण अखेरीस मंत्रालयात मंत्र्यांपुढे सुनावणीस जाते. या सगळ्या पायऱ्यांवर एकही न्यायाधीश नाही. सातबाऱ्यावरील नोंदीने मालकी ठरत नाही, मालकीचा वाद दिवाणी न्यायालयानेच सोडवायचा, हे खरे आहे. पण पीककर्जासाठी बँकेत गेलेल्या शेतकऱ्याला ही तात्त्विक बाजू उपयोगी पडत नाही, कारण बँक सातबारा पाहते.

माझी वकिली तालुक्याच्या गावी झाली आणि तिचा मोठा भाग तहसील कचेरीच्या व्हरांड्यात गेला. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खालचे अडवलेल्या शेतरस्त्याचे एक प्रकरण आजही माझ्या मनातून जात नाही. शेजाऱ्याने वहिवाटीच्या वाटेवर चर खणला होता आणि अर्जदाराचा ऊस तोडणीला आला होता. तारखेला आम्ही सकाळी अकरापासून बसायचो. कधी तहसीलदार साहेब जिल्ह्याच्या बैठकीला, कधी गारपिटीच्या पंचनाम्यांना, कधी निवडणुकीच्या कामाला गेलेले असत. संध्याकाळी अव्वल कारकून रोजनामा पुढे सरकवी आणि त्यावर ओळ असे, 'पीठासीन अधिकारी शासकीय कामानिमित्त बाहेर असल्याने प्रकरण पुढील तारखेस ठेवण्यात येत आहे.' हीच ओळ आम्ही सलग सात तारखांना सहीनिशी स्वीकारली. आदेश अर्जदाराच्या बाजूने झाला, पण तोवर त्या कुटुंबाने उसाच्या मोळ्या डोक्यावरून बांधाबांधाने वाहून ट्रॅक्टरपर्यंत नेल्या होत्या.

त्या तहसीलदारांना मी दोष देत नाही. पंचनामे, रेशन, निवडणूक, कायदा व सुव्यवस्था हे सारे सांभाळून त्याच माणसाने साक्षी नोंदवायच्या आणि कागद वाचून सकारण आदेश लिहायचा, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

याहून गंभीर प्रश्न स्वातंत्र्याचा आहे. दिवाणी न्यायाधीशाची बदली, बढती, रजा हे सारे संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाच्या नियंत्रणात असते, त्यामुळे निकाल लिहिताना कोण नाराज होईल याची धास्ती त्याने बाळगण्याचे कारण नसते. तहसीलदार आणि प्रांताधिकारी यांच्या बदल्या मात्र शासन करते. भोगवटादार वर्ग २ च्या, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणाऱ्या, जमिनीचा शर्तभंग असो, गायरानावरील अतिक्रमण असो किंवा गौण खनिजाचा दंड असो, अशा प्रकरणांत खुद्द शासनच एक पक्ष असते. म्हणजे एका पक्षाचा नोकर निवाडा करतो आणि त्यावरची शेवटची दाद त्याच शासनाच्या मंत्र्याकडे मागायची. आदेश योग्य निघाला तरी हरलेल्या माणसाचा त्यावर विश्वास कसा बसावा?

राज्याच्या सेवांमध्ये न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी करण्यासाठी राज्य पावले उचलील, असे अनुच्छेद ५० सांगतो. संविधान सभेत ही तरतूद आली तेव्हा तिच्यासोबत तीन वर्षांची मुदत होती, ती नंतर वगळण्यात आली. फौजदारी बाजूला हे काम झाले. तत्कालीन मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ मध्ये कायदा केला आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायदंडाधिकारी व कार्यकारी दंडाधिकारी यांची फारकत देशभर पक्की केली. महसुली बाजू तशीच राहिली.

यावर नेहमीचे उत्तर असे की हे वाद दिवाणी न्यायालयात ढकलले तर आणखी रेंगाळतील, आणि जमिनीची माहिती महसूल खात्यालाच असते. हा आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. जागेवर जाऊन रस्त्याची पाहणी करणे, मोजणीचा नकाशा ताडणे हे तहसीलदारच चांगले करू शकतो, म्हणून पहिली चौकशी त्याच्याकडेच राहू द्यावी. माझी मागणी अपिलांपुरती आहे. महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरण ही संस्था याच संहितेखाली अस्तित्वात आहे आणि १९४८ च्या कुळकायद्यातील पुनरीक्षण अर्ज तिच्याकडेच चालतात. प्रांताधिकाऱ्यांच्या आदेशावरील दाद तिच्याकडे न्यावी, तिथे न्यायिक अनुभव असलेले सदस्य पुरेशा संख्येने नेमावेत, तिची फिरती बैठक प्रत्येक जिल्ह्यात व्हावी आणि व्यक्तिगत वादांत मंत्र्यांनी सुनावणी घेण्याची तरतूद वगळावी. मंत्र्यांच्या निर्णयाविरुद्ध शेवटी अनुच्छेद २२६ व २२७ खाली उच्च न्यायालयातच जावे लागते, तेव्हा मधली ती पायरी गाळल्याने पक्षकाराचे काही बिघडत नाही, उलट त्याची काही वर्षे वाचतील.

हा बदल कोणत्याही न्यायालयाने आदेश देऊन होणार नाही. अनुच्छेद ५० मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने तो न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाही. संहिता विधिमंडळाने केली आहे आणि तिच्यात दुरुस्तीही विधिमंडळच करू शकते. आपल्या भागातील आमदारांनी, मग ते सत्तारूढ बाकांवरचे असोत की विरोधी, येत्या अधिवेशनात किमान एवढा प्रश्न विचारावा की मंत्रालयात महसुली अपिले व पुनरीक्षण अर्ज किती प्रलंबित आहेत, त्यांतील सर्वांत जुना कोणत्या वर्षाचा आहे आणि किती प्रकरणांत स्थगिती देऊन पुढची तारीखच नेमलेली नाही. त्याचे उत्तर आपल्या दैनिकाने जिल्हानिहाय छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
तालुका न्यायालयातील एक निवृत्त वकील