मृत्यूची नोंद करताना एक प्रश्न विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सशस्त्र सेना ध्वजदिन निधीचे उद्दिष्ट पूर्ण केल्याबद्दल काही कार्यालयांचा सत्कार झाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. चांगले झाले. ७ डिसेंबरचा हा दिवस १९४९ पासून पाळला जातो, आणि कारकुनापासून साहेबापर्यंत सगळे आपापल्या परीने निधीला हातभार लावतात. परंतु माजी सैनिकाच्या घरात पैसा नाही म्हणून जेवढे अडते, त्याहून जास्त हक्काचा पैसा कागदात अडकला म्हणून अडते. त्याची बातमी होत नाही, म्हणून हे पत्र.

थोडे माझ्याविषयी सांगावे लागेल. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत क्लार्क होतो. हवालदार म्हणून पेन्शनवर आलो तेव्हा चाळिशीही उलटली नव्हती. शिपाई-हवालदारांचे असेच असते. मुले शाळेत असतात आणि बाप निवृत्त होऊन घरी आलेला असतो. राज्यात गट क आणि गट ड च्या पदांवर माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यातून तलाठी झालो आणि मंडळ अधिकारी म्हणून सेवा संपवली. पलटणीत असताना ‘पार्ट टू ऑर्डर’, म्हणजे जवानाच्या लग्नाच्या, मुलांच्या वगैरे नोंदी, लिहिल्या, चावडीत फेरफार लिहिले. आता निवृत्तीनंतर आजूबाजूच्या गावांतले फौजी आणि त्यांच्या घरची माणसे कागदांच्या पिशव्या घेऊन माझ्या ओसरीवर येतात. हे काम मी फुकट करतो, आणि करू शकतो ते एवढ्याचसाठी की दोन्ही दप्तरांची भाषा मला कळते.

पिशवीत काय असते ते सांगतो. एका मावशींचे प्रकरण घ्या. नाव देत नाही. नवरा नाईक म्हणून निवृत्त झालेला. लग्नानंतर त्याने पलटणीत नोंद केली ती बायकोच्या माहेरच्या नावाने. सासरी मात्र लग्नातच नाव बदलले होते, जसे आपल्याकडे सर्रास बदलत. रेशनकार्डावर सासरचे नाव, मतदार यादीत तेच नाव पण शेवटी ‘बाई’ जोडलेले, आणि आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी, कारण नोंदवणाऱ्याला फक्त साल सांगता आले. डिस्चार्ज बुकात जन्मतारीख तिसरीच. नवरा होता तोवर यातले काहीही कुणाला खटकले नाही. तो गेल्यावर फॅमिली पेन्शनसाठी अर्ज केला, तर पलटणीचे दप्तर सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसच्या लेखी ही बाई त्या सैनिकाची पत्नीच नव्हती. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव, वर्तमानपत्रात जाहिरात, सरपंचाचा दाखला, पुन्हा प्रतिज्ञापत्र. या सगळ्या काळात मावशी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होत्या. अखेर पेन्शन सुरू झाली, थकबाकीही मिळाली. पण थकबाकी येईपर्यंत खायचे काय, याला कुठल्याच फॉर्मात रकाना नाही.

या प्रकरणात लबाड कोणी नव्हते. रेकॉर्ड ऑफिसने नियमावर बोट ठेवले, ते त्यांचे कामच आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकाने, जो स्वतः माजी सैनिक होता, जमेल तेवढी मदत केली. अडचण इतकीच की मावशी त्याच्यापर्यंत पोचल्या नवरा गेल्यानंतर फार उशिरा. ते कार्यालय जिल्ह्याच्या गावी आहे. तिथे एकदा जायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज. त्यात आता पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन व्यवस्थेवर गेली. शिकल्यासवरल्या माणसाला सोय झाली हे मान्य. ज्या बाईच्या हातात स्वतःचा मोबाइल नाही, तिचा ओटीपी नातवाच्या फोनवर येतो आणि नातू पुण्यात कंपनीत. अशा घरांत मग एजंट शिरतो. हयातीचा दाखला चढवून देतो म्हणून पैसे घेणारे मी पाहिले आहेत, आणि सांगायला लाज वाटते, त्यांत एक-दोन माजी सैनिकही होते.

संस्था नाहीत असे कोणी म्हणू नये. जखमी सैनिकांना हाताला काम शिकवणारी खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ सालची. पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठी तिथेच पॅराप्लेजिक केंद्र आहे. २००३ पासून ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे दवाखाने आहेत, मेस्को हे माजी सैनिकांचे महामंडळ आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिकांच्या मुलांसाठी वसतिगृहे आहेत. हे सारे दार ठोठावणाऱ्यासाठी आहे. दार कुठे आहे हेच ज्याला माहीत नाही, त्याच्याकडे कोण जाणार?

माझे म्हणणे असे की जाणारा माणूस सरकारकडे आधीपासूनच पगारावर आहे. १५ टक्क्यांच्या आरक्षणातून दर भरतीत माजी सैनिक तलाठी होतात, लिपिक होतात, ग्रामसेवक होतात. त्यांना सरकारने नोकरी दिली, पण त्यांच्या फौजी अनुभवाचा उपयोग कधी करून घेतला नाही. मी तलाठी असताना मला एकाही वरिष्ठाने विचारले नाही की बाबा, तुझ्या सज्जात माजी सैनिक किती, विधवा किती. मी विचारायचो ते आपल्या हौसेने.

आणि गावात माणूस गेल्याचे सरकारला सर्वांत आधी कुठे कळते? ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदीत. मग काही दिवसांनी मुले सातबाऱ्यावर वारस नोंद करायला तलाठ्याकडे येतात. म्हणजे कुटुंब आपण होऊन सरकारी माणसासमोर येऊन बसलेले असते, मृत्यूचा दाखला हातात असतो, बायको-मुलांची नावे सांगितली जात असतात. त्या दोन्ही ठिकाणी अर्जात एकच ओळ वाढवावी : मयत व्यक्ती माजी सैनिक होती काय? उत्तर ‘होय’ असेल तर त्याची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जावी. आणि प्रत्येक तहसील कार्यालयात, तिथे आधीच काम करणाऱ्या एका माजी सैनिक कर्मचाऱ्याला या कामाचा संपर्क नेमून द्यावा. महिन्यातला एक ठरलेला दिवस त्याने तेवढेच काम करावे. नवी पदे नकोत, नवी इमारत नको.

माझे जुने सहकारी यावर नाक मुरडतील. तलाठ्याच्या डोक्यावर आधीच पीक पाहणी, पंचनामे, निवडणूक असते, त्यात हे आणखी कशाला? तक्रार खरी आहे. मीही ती पुष्कळ केली आहे. पण एक ओळ विचारायला आणि एक प्रत पाठवायला लागणारा वेळ आणि वर्षभर चालणाऱ्या नावदुरुस्तीत तलाठ्याला, सरपंचाला, तहसीलदाराला पुन्हा पुन्हा द्यावे लागणारे दाखले, यांचा हिशेब मांडला तर कुठले काम जास्त ते दिसेल.

या सोयीने नुकसान टळेल असे एक उदाहरण माझ्या स्वतःच्या घरातले आहे. माझ्यासारखा, लष्करातून येऊन सरकारी नोकरीतही पेन्शनला पात्र झालेला माणूस वारला, तर पूर्वी त्याच्या पत्नीला लष्कराची किंवा नागरी, दोन्हींपैकी एकच फॅमिली पेन्शन घेता येई. लष्कराच्या बाजूने ही अट गेली. २४ सप्टेंबर २०१२ पासून दोन्ही घेता येतात. आज कित्येक घरी ही गोष्ट माहीत नाही. नागरी पेन्शन चालू आहे, तीच काय ती, असे समजून बायका गप्प बसल्या आहेत. माझ्या पत्नीला मी हे कागदावर लिहून कपाटात ठेवले आहे, पीपीओच्या, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाच्या, प्रतीसोबत. ज्यांचे वडील फौजेत होते त्यांनी आजच त्यांचा पीपीओ काढून आईचे नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून पाहावी. वडील हयात असताना ही दुरुस्ती पुष्कळ सोपी असते, कारण अर्ज ते स्वतः करू शकतात.

वाट पाहण्याचे म्हणाल तर ते नाव न झालेल्या शिपायाच्याच वाट्याला येते असे नाही. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी आणले, आणि पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. असो.

शासनाने घाई करावी याला आणखी एक कारण आहे. सैन्यभरतीची अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली. चार वर्षांची सेवा, चारांतला जास्तीत जास्त एक कायम, बाकीचे सेवा निधीची एकरकमी रक्कम घेऊन घरी. या मुलांना पेन्शन नाही, म्हणजे ‘स्पर्श’मध्ये त्यांचा पीपीओ नसेल आणि वर्षाला हयातीचा दाखला मागणारे कोणी नसेल. जुन्या माजी सैनिकाचा निदान पेन्शनच्या दप्तरात तरी माग लागतो. पंचविशीच्या आसपास परत येणारा हा मुलगा कुठल्या गावात आहे, त्याला पोलीस भरतीची माहिती मिळाली का, त्याच्या कागदांत काही चूक आहे का, हे तालुक्याला माहीत असणारा एक तरी माणूस हवा, आणि तो नेमायला फार तर एक शासन निर्णय लागेल.

आपला,
एक माजी सैनिक
(निवृत्त मंडळ अधिकारी)