आक्का, यादीत आमची नावं राहिली ती तुमच्यामुळं

आदरणीय आक्का,
सप्रेम नमस्कार.

बीएलओचं, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं काम यंदा तुमच्याकडून दुसऱ्याकडं गेल्याचं परवा गावात कळलं. अंगणवाडी सांभाळून तुम्ही यादी घेऊन दारोदार फिरायचा, त्याचं मानधन कितीतरी वर्षं सालाला सहा हजार, म्हणजे महिन्याला पाचशे रुपये. 2025 मध्ये निवडणूक आयोगानं ते बारा हजार केलं, आणि आता तुमचं काम सुटतंय! असो. काम सुटल्यावर तरी आभार मानू द्याल, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

2019 चा महापूर. आपल्या कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्याला कृष्णा-पंचगंगेचं पाणी नवं नाही. 2005 ची खूण भिंतीवर होती, तिच्या भरवशावर माणसं घरात थांबली आणि पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. नंतरचा गाळ, वास, मेलेली जनावरं, पंचनामे, हे तुम्हाला सांगायला नको. तुमचंही घर त्यातच होतं. त्यात 21 ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान आलं.

मतदान कार्ड नसेल तर अकरा पर्यायी कागदपत्रं चालतात, असं सगळीकडं सांगत होते. आधार, पॅन, फोटोचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड. खरं आहे, पण आपल्याकडं हे सगळं एकाच पत्र्याच्या पेटीत असतं, आणि पाणी पेटीत शिरलं की अकराच्या अकरा जातात. नुसती मतदार चिठ्ठी दाखवून मत देण्याची सोयही त्याच वर्षी बंद झालेली. तुम्ही मात्र कुणाचं काय गेलं ते घरोघर वहीत लिहून घेतलंत आणि म्हणालात, "आधी आधारची प्रत काढा, ती लवकर निघते. मतदान कार्डाचं मागनं बघू." आमच्या आईनं त्या प्रतीवरच मत दिलं.

त्याहून मोठं काम फार जणांना माहीत नाही. आमची निम्मी आळी तेव्हा पाहुण्यांकडं आणि जयसिंगपूर, इचलकरंजीला होती. घरं पडलेली, दारं बंद. यादी तपासताना अशा घरांपुढं 'स्थलांतरित' असा शेरा मारणं सगळ्यात सोपं होतं आणि तसं कुणी कुणी सुचवतही होतं. तुम्ही 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 20 दाखवलंत: तात्पुरतं बाहेर गेलं म्हणून माणसाचं रहिवासीपण जात नाही. वर म्हणालात, नाव काढायचं तर नोटीस द्या, म्हणणं ऐका. पडक्या घराच्या दारावर नोटीस चिकटवून कोण वाचणार होतं?

मुख्य निवडणूक आयुक्त असताना शेषनसाहेबांनी 1993 मध्ये ओळखपत्राचा आग्रह धरला तो बोगस मतदान रोखायला, आणि तो योग्यच होता. त्यानंतरच्या सुधारणांचा रोखही बहुतेक तिकडंच राहिला. 2021 च्या कायद्यानं आधार यादीला जोडायची सोय केली, तीही दुबार नावं शोधायला. खोटा मतदार पकडायला एवढी यंत्रणा आहे. खरा मतदार पुरात सुटला तर त्याला शोधायला मला तरी गावोगावी एक बीएलओच दिसते. निवडणूक सुधारणांवर बोलणाऱ्यांनी नदीकाठी येऊन एवढं तरी मागावं: पूर ओसरला की पंचनाम्याबरोबरच मतदार यादीचं आणि ओळखपत्राचं शिबिर लागावं, आणि त्या तालुक्यात तोवर 'स्थलांतरित' हा शेरा बंद असावा.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. तोवर ओळखपत्र मोबाइलवर उतरवून घेता येऊ लागलं होतं, पण लाइट गेल्यावर मोबाइल कसा चालू राहणार? तुम्ही सांगितल्याप्रमाणं आळीतल्या बऱ्याच घरांनी झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवल्या होत्या. त्या कामाला आल्या.

आता प्राथमिक शाळेचे गुरुजी बीएलओ झालेत. माणूस चांगला आहे, पण दुसऱ्या भागातून आलेला, पूर त्यांनी पाहिलेला नाही. तुमची ती वही एकदा त्यांच्यासमोर उघडून बसा, आणि पावसाळ्याच्या आधी बसा.

तुमचा,
नदीकाठच्या आळीतला एक मतदार