नातेवाईक म्हणून सही कोण करणार?

संपादक महोदय,
स. न.

‘बागांतील परप्रांतीयांमुळे आरोग्याला धोका’ ही मंगळवारची बातमी वाचली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही. ही माणसं परप्रांतीय नव्हेत, नेपाळची आहेत. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. धोका कुणापासून कुणाला आहे, हे तुमच्या बातमीदाराने एखाद्या बागेत जाऊन पाहायला हवं होतं.

दिवाळीच्या आगेमागे ती येतात, आंबा संपला की जातात. फवारणी, राखण, वानरं हाकणं, काढणी, सगळं त्यांच्यावर. ती नसतील तर आमची पेटी वाशीच्या बाजारात पोचायची नाही, हे प्रत्येक बागायतदार जाणतो. पण त्यांच्यातला कुणी आजारी पडला की आम्हीच म्हणतो, ‘त्याची माणसं बघतील.’ त्याची माणसं असतात तिकडे नेपाळात, कैलालीला!

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एकाला डिसेंबरात खोकला लागला. काम जाईल म्हणून महिनाभर बोलला नाही. घरी फोनवर सर्दी सांगायचा. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा मी त्याला दवाखान्यात नेलं. खिडकीवर उत्तर मिळालं, ‘याची भाषा कळत नाही, कुणाला तरी घेऊन या.’ तो ‘छाती दुख्छ’ एवढंच म्हणत होता. यात न कळण्यासारखं काय होतं? मग दाखल करायला नातेवाइकाची सही हवी. मी करते म्हटलं तर नातं काय? ‘मालकीण’ चालेना. पाऊण तास तो बाकावर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन मुठीत धरून. शेवटी मी ‘बहीण’ लिहिलं आणि सही केली.

क्षय निघाला. सहा महिने औषध. पहिले दोन महिने चार प्रकारची, पुढचे चार महिने तीन. ती फुकट आणि वेळेवर मिळाली, तिथे तक्रार नाही. पण पोषण आहाराचे पैसे बँक खात्यात येतात, त्याचं खातंच नव्हतं. महात्मा फुले योजनेला शिधापत्रिका किंवा अधिवास दाखला लागतो, तो यांनी कुठून आणायचा? आणि दोन महिन्यांत खोकला थांबला की माणसाला वाटतं, झालो बरा. गोळ्या अर्ध्यावर सुटल्या तर तोच रोग पुढे औषधाला दाद देत नाही. म्हणून रोज सकाळी पेजेच्या वेळी गोळ्या माझ्या जावेसमोर घ्यायच्या, असं ठरवलं. सोबतचे सगळे मे महिन्यात गेले, याला आम्ही पावसात ठेवून घेतलं. जुलैत बरा होऊन गेला.

माझे वडील 1962 साली परळच्या गिरणीत होते. त्यांनाही क्षयच झाला होता. शिवडीच्या रुग्णालयात चार महिने काढले. गावकऱ्यांच्या खोलीवरची माणसं पाळी लावून डबा न्यायची, आईला पत्र लिहून खुशाली कळवायची. कुणाचा डबा कुठल्या वारी असायचा हे बाबा शेवटपर्यंत सांगत. कोकणातल्या किती घरांत अशी आठवण असेल! त्याच कोकणात आज गावाबाहेरच्या खोपीत माणूस तापाने फणफणतो आणि त्याला पाणी द्यायलाही कुणी नसतं, याचा मला संताप येतो.

नोव्हेंबरात ही माणसं आली की आरोग्य केंद्राने बागेत येऊन एकदा तपासावं. केसपेपरवर बागायतदाराचं नाव, नंबर घ्यावा आणि त्याची सही चालवावी. उचल किती दिली हे आम्ही वहीत पैशापैशाने मांडतो. घरचा नंबर मात्र कुणाच्या वहीत नसतो. आमच्या वहीत आता नऊ जणांच्या घरचे नंबर पहिल्या पानावर आहेत.

आणखी एक. बातमीसोबत त्या मुलांचे चेहरे दिसतील असा फोटो कशाला छापलात? त्यांना विचारलं होतं का? माझं वानरांच्या त्रासावरचं मागचं पत्र तुम्ही निम्मं कापलंत, त्याबद्दल काही म्हणणार नाही. हे मात्र कृपया पूर्ण छापा.

आपली,
एक बागायतदार, पावस (ता. रत्नागिरी)