ड्राफ्टमधला नशिबाचा वाटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन गेमिंगच्या २०२५ च्या कायद्यासंबंधी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ‘मॅजिक : द गॅदरिंग अरीना’सारख्या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळांना रमीच्याच माळेतले मणी ठरवून, ज्याला पाने चांगली येतील तो जिंकतो, असे म्हटले आहे. कायदा पैसा लावला जातो की नाही हे पाहतो, कौशल्य की नशीब हे नाही, त्यामुळे तो वाद येथे घालत नाही. मात्र ‘ड्राफ्ट’ प्रकारापुरते लेखातले विधान टिकत नाही.

ड्राफ्टमध्ये आठ खेळाडू आपापले पॅक, म्हणजे पानांची बंद पाकिटे, उघडतात, त्यातले एक पान ठेवून उरलेली शेजाऱ्याकडे सरकवतात, आणि अशा तीन पॅकमधून जमलेल्या पानांतून प्रत्येकजण चाळीस पानांचा डेक बांधतो. त्यात साधारण सतरा पाने लँडची, म्हणजे बाकीची पाने खेळण्यासाठी लागणारी शक्ती, ‘माना’, देणारी असतात. पानांचे रंग पाच आहेत, पान खेळायला त्याच्या रंगाचा माना लागतो, आणि किती रंग घ्यायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

समजा, लाल आणि पांढऱ्या रंगाची दहाएक पाने जमली असताना दुसऱ्या पॅकमध्ये एक जबरदस्त काळे पान समोर आले. ते घेऊन काळ्याची तीन लँड घातली, तर लाल-पांढऱ्याला सात-सातच उरतात. पहिली चाल आपली असेल तर चौथ्या फेरीपर्यंत दहा पाने पाहून होतात, आणि त्यांत काळ्याचे एकही लँड नसण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के निघते. शिवाय मूळ रंगाची लँड आठाची सात झाल्याने त्या रंगाचे एकही लँड न मिळण्याची शक्यता आठ टक्क्यांवरून अकरावर जाते, हा तोटा सहसा कुणी मोजत नाही. म्हणून ते पान लवकर खेळायचे असेल तर सोडून द्यावे. डाव लांबल्यावर उपयोगी पडणारे असेल, आणि त्याला काळा माना एकच लागत असेल, तरच तिसऱ्या रंगाचा विचार करावा, असे माझे मत आहे.

याला सणसणीत अपवादही आहे. जानेवारी २०१९ च्या ‘राव्हनिका अलीजियन्स’ संचात जवळपास प्रत्येक पॅकमध्ये दोन रंगांचा माना देणारे एक लँड, ‘गेट’, येत असे. ते आडवे, म्हणजे त्या फेरीत निरुपयोगी होऊनच खाली पडे, त्यामुळे बहुतेक खेळाडू ते पुढे सरकवत. ज्याने ती गेट चिकाटीने गोळा केली, त्याला चार-पाच रंग तर पेलतच, पण गेटच्या संख्येइतका मार सर्व प्राण्यांना देणारे ‘गेट्स अब्लेझ’ हे पानही त्याच्याच कामाचे ठरे. सुरुवातीच्या फेऱ्यांत मागे पडण्याची किंमत मोजून घेतलेला तो निर्णय होता, आणि शेजारी काय सोडून देत आहेत हे वाचल्याशिवाय तो घेता येत नसे.

पालकांना सावध करायचेच असेल, तर लेखकाने पैसे देऊन पॅक विकत घेण्याकडे बोट दाखवावे. तिथे मात्र आत कोणते पान निघेल हे खरोखरच खेळाडूच्या हाती नसते.

– एक वाचक, ठाणे