उसाचा निकाल जिनिव्हात कुठे अडला

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

जागतिक व्यापार संघटनेत उसाच्या खटल्यात भारत हरला, मग एफआरपी, म्हणजे कारखान्यांनी उसाला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान भाव, अजून चालू कशी, असं तू विचारलंस. पेपरात ‘भारत हरला’ एवढंच छापून येतं. पण जिनिव्हात, म्हणजे संघटनेच्या मुख्यालयात, निकाल लागणं वेगळं आणि लागू होणं वेगळं.

ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये तक्रार केली. आधी ६० दिवस बोलणी, त्यात मिटलं नाही की पॅनेल, म्हणजे खटला ऐकायला नेमलेली तज्ज्ञांची समिती. १४ डिसेंबर २०२१ ला पॅनेलचा अहवाल आला: २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत उसाला दिलेलं साहाय्य एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्के मर्यादेबाहेर गेलं. एफआरपी कारखाने देतात, सरकार नाही, हा भारताचा मुद्दा पॅनेलने मानला नाही. भाव सरकार ठरवतं, तेवढं त्यांना पुरलं. हिशेबाची रीत मात्र नीट समजून घे. सरकारी भावातून संदर्भ भाव, म्हणजे तुलनेसाठी धरलेला बाहेरचा भाव, वजा करायचा आणि उरलेल्या फरकाला त्या भावासाठी पात्र उत्पादनाने गुणायचं. हा संदर्भ भाव १९८६-८८ च्या पातळीवर गोठलेला आहे. खत, मजुरी, तोडणी सगळं महागलं, तरी तो जागचा हलत नाही. फरक फुगणारच. हा शेतकऱ्यावरचा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे.

अहवाल आल्यावर ६० दिवसांत तो स्वीकारला जातो. तो रोखायला सगळ्या सदस्यांचं एकमत लागतं, जिंकलेल्या देशाचंसुद्धा! म्हणून हरलेल्याला एकच वाट उरते, अपील. भारताने ते जानेवारी २०२२ मध्ये केलं.

आता खरी अडचण. अपिलीय मंडळात सात सदस्य हवेत आणि प्रत्येक खटला त्यांतले तिघे ऐकतात. नेमणूक एकमताने होते, म्हणजे बैठकीला हजर असलेल्या एकाही देशाने हरकत घेतली की संपलं. मंडळ अधिकाराबाहेर जातं, निकालाची ९० दिवसांची मुदत पाळत नाही, असं म्हणत अमेरिकेने २०१७ पासून नेमणुका अडवल्या. १० डिसेंबर २०१९ ला दोघांची मुदत संपली, एकच सदस्य उरला. नोव्हेंबर २०२० मध्ये तोही गेला. तेव्हापासून अपील दाखल होतं, पण ऐकायला कुणी नाही. अपील लटकलेलं असताना अहवाल स्वीकारता येत नाही. तो स्वीकारला गेला नाही, तर हरलेल्या देशाच्या मालावर जादा शुल्क लावायची परवानगी जिंकणाऱ्याला मिळत नाही, आणि संघटनेच्या हातात दुसरं हत्यारच नाही.

आज हे आपल्या ऊसवाल्यांच्या पथ्यावर पडलं, म्हणून खूश होऊ नकोस. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या अपारंपरिक ऊर्जा अनुदानांविरुद्धचा खटला भारताने जून २०१९ मध्ये जिंकला होता. ऑगस्टमध्ये अमेरिकेने अपील केलं आणि आपला विजय तसाच अडकला. शेवटी २०२३ मध्ये दोन्ही देशांनी तो इतर तंट्यांबरोबर आपसांत मिटवला. अशा तडजोडीत मोठ्या देशाचं पारडं जड असतं. लहान देशांना नियमांचा आधार हवा असतो तो याचसाठी.

काही देशांनी २०२० मध्ये आपसांत लवादाची पर्यायी व्यवस्था उभी केली. उसाचे तिन्ही तक्रारदार तिच्यात आहेत, भारत नाही. प्रबंधात हा मुद्दा घे. आणि कुठल्याही खटल्याबद्दल लिहिण्याआधी अहवालाची तारीख नव्हे, तो स्वीकारल्याची तारीख शोध.

तुझी,
आई